गॅरेजच्या दाराचे वजन

अमेरिकेतल्या सर्वसाधारण घरात सर्वांत मोठी आणि सर्वांत जड हलती वस्तू म्हणजे गॅरेजचे दार. दोन मोटारी शेजारी शेजारी उभ्या राहतील अशा गॅरेजचे दार बहुधा १६ फूट रुंद आणि ७ फूट उंच असते. पोलादी पत्र्याचे असले तर ते ६० ते ९० किलो भरते, लाकडी असले तर त्याहून बरेच जास्त. तरीही एका हाताने ते वर जाते आणि बोटाने बटण दाबले की खाली येते. त्याचे सारे वजन स्प्रिंगांनी तोलून धरलेले असते, त्यामुळे वापरणाऱ्याला ते कधी जाणवतच नाही. ही सोय आणि या दाराने केलेले घात, दोन्हींचे मूळ एकच आहे. शंभर वर्षांपूर्वी एका कारागिराने दाराचे वजन लपवले. ते वजन अजून तिथेच आहे याची आठवण ठेवणारी यंत्रणा उभी राहायला पुढची सत्तर वर्षे लागली.

मराठीत गॅरेज म्हटले की मेकॅनिक, ग्रीसचे डाग आणि उघडे बॉनेट डोळ्यांपुढे येते. मूळ अर्थ तेवढ्यापुरता नव्हता. फ्रेंचमध्ये एखादी वस्तू आडोशाला, सुरक्षित जागी नेऊन ठेवण्यासाठी जे क्रियापद आहे त्यावरून हा शब्द बनला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटारींबरोबर इंग्रजीत आला. अमेरिकेत आजही घराला जोडून असलेली मोटार ठेवायची खोली एवढाच त्याचा पहिला अर्थ आहे.

पहिल्या मोटारी मात्र घराजवळ फारशा येत नसत. घोडे आणि बग्गी ठेवण्यासाठी मागच्या अंगणात जो तबेला असे, त्याच्याच एका कोपऱ्यात मोटार उभी राही. पेट्रोलच्या आगीची धास्ती असल्याने ती राहत्या घरापासून दूर असलेलीच लोकांना बरी वाटे. दारेही तबेल्याचीच होती, म्हणजे दोन्ही बाजूंना बिजागऱ्यांवर फिरणारी आणि बाहेर उघडणारी जाड लाकडी झडपे. ज्या मुलखात हिवाळ्यात कमरेइतके बर्फ साचते, तिथे अशी दारे उघडण्याआधी फावड्याने अंगण मोकळे करावे लागे. वारा सुटला की उघडे झडप धाडकन मिटे. बिजागरीच्या बाजूला जी फट उघडते आणि मिटते तिच्यात मुलांची बोटे चेंगरत. हा धोका तर जगातल्या प्रत्येक दाराचा आहे. काहींनी रुळावर बाजूला सरकणारी दारे करून पाहिली, पण दार सरकायला त्याच्याच रुंदीइतकी मोकळी भिंत लागते आणि शहरातल्या चिंचोळ्या जागेत ती कुठून आणायची? हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यातून १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटी 'मॉडेल टी' बाहेर पडल्या. तेव्हा दाराचा हा प्रश्न हौशी श्रीमंतांपुरता उरला नाही, तो लाखो घरांचा झाला.

त्याचे टिकलेले उत्तर १९२१ मध्ये सी. जी. जॉन्सन यांनी दिले. त्यांनी दाराचे आडवे तुकडे केले, ते एकमेकांना बिजागऱ्यांनी जोडले, दोन्ही कडांना चाके बसवली आणि ती चाके आधी सरळ वर जाऊन मग छताखाली आडव्या वळणाऱ्या रुळांत घातली. दार आता बाहेरही उघडत नव्हते आणि बाजूलाही सरकत नव्हते. ते पट्ट्यापट्ट्याने वाकत वर जाई आणि छताखाली आडवे होऊन राही. लोकांना हे पटवायचे कसे, यासाठी जॉन्सन यांनी दाराची एक लहान प्रतिकृती आपल्या 'मॉडेल टी'च्या मागच्या बाजूला बसवली आणि ती घेऊन ते विक्रेते शोधत देशभर फिरले. त्यांच्या 'ओव्हरहेड डोअर' कंपनीचा व्यवसाय डेट्रॉइटमध्ये सुरू झाला आणि पुढे इंडियाना राज्यातल्या हार्टफर्ड सिटी या छोट्या गावात गेला. १९२६ मध्ये जॉन्सन यांनीच दार उघडणारी विजेची मोटरही बनवली.

या रचनेचा प्राण म्हणजे स्प्रिंग. महाराष्ट्रातल्या बाजारपेठांत सकाळी दुकानाचे शटर वर ढकलले जाते तेव्हा वरच्या नळीतली स्प्रिंगच बरेचसे ओझे उचलत असते. गॅरेजच्या दारातही तत्त्व तेच, फक्त ओझे अधिक आणि ताण मोठा. दोन प्रकार रूढ झाले. एका प्रकारात आडव्या रुळांच्या कडेने दोन लांब स्प्रिंगा ताणलेल्या असतात. दुसऱ्या प्रकारात दाराच्या डोक्यावर एक आडवा दांडा असतो आणि त्यावर स्प्रिंग पीळ देऊन बसवलेली असते. दांड्याच्या टोकांच्या चकत्यांवरून निघालेल्या पोलादी तारा खालच्या पट्ट्याला धरून असतात. दार खाली येते तसा पीळ वाढत जातो आणि वर जाताना तोच पीळ सुटत दाराला उचलतो. म्हणजे बंद दार पाहणाऱ्याला निवांत दिसते खरे, पण नेमक्या त्याच वेळी त्याच्या डोक्यावरची स्प्रिंग सर्वाधिक ताणलेली असते. एवढी एक गोष्ट कळली तरी अर्धे अपघात टळतील, कारण हौशी दुरुस्ती करणारा माणूस नेमका बंद दाराच्याच नटबोल्टना पाना लावतो.

स्प्रिंगेचे आयुष्य दार किती वेळा उघडले-मिटले यावर मोजतात. नेहमीच्या घरगुती स्प्रिंगेसाठी १०,००० फेऱ्या हा रूढ हिशेब आहे. दिवसाला ४ फेऱ्या धरल्या तर ती साधारण ७ वर्षांत थकते. ताणाची स्प्रिंग तुटली की तिचे टोक चाबकासारखे गॅरेजभर सुटते. म्हणून तिच्या पोटातून एक पोलादी तार ओवून ती दोन्हीकडे पक्की करण्याची पद्धत आली. त्यामुळे तुटलेली स्प्रिंग तारेवरच लटकून राहते. पिळाची स्प्रिंग दांड्यावरच राहते, त्यामुळे तुटली तरी ती उडत नाही, पण तिचा पीळ भरताना किंवा सोडताना हातातली सळई निसटली तर मनगट किंवा जबडा मोडतो. हे काम तरबेज कारागिराचे आहे. कंपन्यांच्या पुस्तिका आणि सरकारी सूचना हे पुन्हा पुन्हा बजावत आल्या आहेत आणि तरीही पैसे वाचवण्यासाठी घरोघरी लोक ते स्वतः करत आले आहेत.

पट्ट्यांच्या दाराने आणखी एक धोका आणला. दार वळताना दोन पट्ट्यांमधली फट उघडते आणि सरळ होताना मिटते. हाताने दार ओढताना नेमकी त्याच फटीत बोटे घालण्याचा मोह होतो, कारण पकडायला दुसरे काही नसते. बोटे तुटण्याचे अपघात होत राहिले तेव्हा पट्ट्यांच्या कडांचा आकार बदलून फट मिटताना बोट आपोआप बाहेर ढकलले जाईल अशी दारे बनू लागली. उपाय किरकोळ वाटतो, पण फक्त आकार बदलून कायमचा दूर झालेला हा या इतिहासातला बहुधा एकमेव धोका आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरे फोफावली आणि गॅरेज मागच्या अंगणातून निघून घराच्या दर्शनी भागाला येऊन चिकटले. काही वर्षांत घरातली माणसे पुढच्या दाराने येण्याचेच सोडून गॅरेजमधून स्वयंपाकघरात शिरू लागली. मुलांच्या सायकली, बर्फ ओढायची फावडी, कपडे धुण्याचे यंत्र, जुन्या पेट्या हे सारे तिथेच. पावसात मुले खेळायची तीही तिथेच. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात मुलाकडे किंवा लेकीकडे काही महिने राहायला गेलेल्या मराठी आजी-आजोबांना या घराचे महाद्वार म्हणून आधी ओळख होते ती याच दाराची. घराशी जोडलेल्या गॅरेजचे स्वतंत्र धोकेही होतेच. बंद गॅरेजमध्ये मोटार चालू ठेवली तर कार्बन मोनॉक्साइड घरात शिरतो. त्यासाठी आणि आगीसाठी गॅरेज व घर यांच्यामधली भिंत आणि दार कसे असावे याचे नियम बांधकामाच्या संहितांत आले. पण मुलांचा सर्वाधिक संबंध येई तो मोठ्या दाराशी.

त्यात मोटर आली. जॉन्सन यांच्या १९२६ च्या यंत्रानंतर बरीच वर्षे ती चैनीची वस्तू होती. १९५४ मध्ये ओहायो राज्यातल्या अलायन्स मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने 'जिनी' या नावाने रेडिओवर चालणारे यंत्र बाजारात आणले आणि मोटारीत बसल्या बसल्या दार उघडू लागले. अरबी कथेतल्या दिव्यातल्या जिनाचे हे नाव ग्राहकांना बरोबर लागले. पुढच्या दोन-तीन दशकांत हे यंत्र मध्यमवर्गीय घरात रुळले.

हाताने दार ओढणारा माणूस दाराजवळ उभा असतो, त्याला दाराखाली काय आहे ते दिसते आणि काही अडले तर हाताला कळते. मोटरने हे तिन्ही आधार काढून घेतले. बटण दाबणारा माणूस घरात असे, नाहीतर रस्त्याला लागलेल्या गाडीत असे. मुलांना तर हा खेळच सापडला. बटण दाबायचे आणि दार टेकण्याआधी खालून पळत सुटायचे. पाय घसरला, कपडा अडकला किंवा खाली राहिलेले खेळणे उचलायला मूल वळले, तर दार अंगावर येई. जुन्या यंत्रांत दार अडले की मोटर थांबे, पण दार उलटे वर जात नसे. जिथे थांबले तिथेच ते दाबून राही. एरवी स्प्रिंगेने तोललेले दार असे माणसाला मारून टाकण्याइतके जड नसते, पण मोटरच्या दांड्याने आणि साखळीने ते तिथेच घट्ट धरून ठेवलेले असते. छातीवर किंवा मानेवर असे दार बसले की श्वास थांबायला काही मिनिटे पुरतात. घरातल्या कुणाला पत्ता लागेपर्यंत उशीर झालेला असे.

अमेरिकेच्या ग्राहक-वस्तू सुरक्षा आयोगाने पुढे दिलेल्या एका इशाऱ्यात मार्च १९८२ पासून अशा स्वयंचलित दारांखाली सापडून २ ते १४ वर्षांची सुमारे ६० मुले दगावल्याचे नोंदवले होते, म्हणजे वर्षाला सरासरी ४. मेंदूला कायमची इजा होऊन वाचलेली मुले यात धरलेली नाहीत. रस्त्यावरच्या अपघातांपुढे हा आकडा लहान वाटेल. पण यातले जवळजवळ प्रत्येक मूल आपल्याच घरात, आपल्याच माणसांनी सोयीसाठी बसवलेल्या यंत्राखाली गेले, आणि प्रत्येक मृत्यू टाळता येण्याजोगा होता.

अशा यंत्रांची मानके ठरवण्याचे काम अमेरिकेत बराच काळ सरकारबाहेरच्या एका संस्थेकडे आहे. १८९३ मध्ये शिकागोला जे जागतिक प्रदर्शन भरले (याच निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेमुळे विवेकानंदांचे नाव जगाला कळले), तिथल्या विजेच्या दिव्यांमुळे आगीचा धोका किती हे पाहायला विल्यम हेन्री मेरिल हे तरुण अभियंते आले होते. विमा कंपन्यांच्या पाठबळावर त्यांनी १८९४ मध्ये 'अंडररायटर्स लॅबोरेटरीज' ही तपासणी संस्था उभी केली. दारे आणि फाटके चालवणाऱ्या विजेच्या यंत्रांसाठी या संस्थेने जे मानक केले त्याचा क्रमांक ३२५. त्याच्या १९८२ च्या आवृत्तीने एक साधी अट घातली: खाली येणारे दार अडथळ्याला लागले की २ सेकंदांत उलटे वर गेले पाहिजे. जी जुनी यंत्रे ही अट पाळत नाहीत ती सरळ काढून टाकावीत, असे आयोग लोकांना सांगू लागला.

अट चांगली होती, पण तिच्यात दोन छिद्रे राहिली. पहिले म्हणजे मानक पाळणे ऐच्छिक होते. दुसरे तांत्रिक आणि अधिक महत्त्वाचे. दार अडथळ्याला लागले हे यंत्राला कळते ते मोटरवर पडणाऱ्या जोरावरून. किती जोर लागला की उलटायचे, हे ठरवणारा स्क्रू यंत्रावरच असे. हिवाळ्यात रुळांतले ग्रीस घट्ट होते, दार जडपणे सरकते आणि काही नसताना मधूनच उलटे जाते. वैतागलेला घरमालक तो स्क्रू पिळून जोर वाढवी आणि उन्हाळा आला तरी परत कमी करायला विसरे. त्यात तपासणीसाठी ठेवायचा अडथळा कडक होता, लाकडाचा ठोकळा किंवा फळी. ठोकळा दबत नाही, त्यामुळे मोटरला तो लगेच जाणवतो. लहान मुलाची छाती मात्र दबते. ठोकळ्यावर आपटून हमखास उलटणारे दार मुलावर टेकून थांबू शकते, हे या कसोटीत दिसतच नव्हते.

मिनेसोटा राज्याने, जिथला हिवाळा असा ग्रीस गोठवणारा, न उलटणाऱ्या यंत्रांविरुद्ध स्वतःचा कायदा केला. त्यानंतर राष्ट्रीय पातळीवर हालचाल झाली. १६ नोव्हेंबर १९९० रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश यांनी ग्राहक-वस्तू सुरक्षा सुधारणा कायद्यावर सही केली. त्यातल्या एका कलमाने मानक क्रमांक ३२५ मधल्या, माणूस सापडू नये यासाठीच्या तरतुदी घरगुती गॅरेज-यंत्रांना सक्तीच्या केल्या. १ जानेवारी १९९१ पासून बनणाऱ्या यंत्रांना ते पाळणे भाग पडले आणि १ जानेवारी १९९३ पासून आणखी एक पायरी वर गेली. दार उलटण्याच्या अंगभूत सोयीखेरीज दुसरी, स्वतंत्र सोय हवी, असे ठरले.

ही दुसरी सोय बहुतेक ठिकाणी प्रकाशाच्या डोळ्याच्या रूपात आली. दाराच्या एका बाजूच्या चौकटीवर अदृश्य अवरक्त किरण सोडणारी डबी असते आणि समोरच्या बाजूला तो किरण टिपणारी. मध्ये काही आले की किरण तुटतो आणि खाली येणारे दार कशालाही न शिवता उलटे फिरते. जमिनीपासून ६ इंचांहून वर हे डोळे बसवायचे नाहीत, असे ठरले, कारण रांगणारे किंवा आडवे पडलेले मूल दिसायला हवे. दुसरा पर्याय म्हणजे दाराच्या खालच्या कडेला बसवायची संवेदनशील पट्टी. १५ पौंडांपर्यंतच्या, म्हणजे सात किलोहून कमी, दाबाने ती जागी झाली पाहिजे.

त्या नियमावलीतले खरे शहाणपण डोळ्यात नाही, डोळा बंद पडला तर काय व्हावे याच्या उत्तरात आहे. तार तुटली, भिंगावर कोळ्याने जाळे केले, डबी वाकडी झाली किंवा कुणी ती काढूनच टाकली, तर दार आपोआप बंद होतच नाही. ते बंद करायचेच असेल तर भिंतीवरचे बटण दार टेकेपर्यंत दाबून धरावे लागते. भिंतीवरचे बटण जिथून दार दिसते अशाच जागी आणि किमान ५ फूट उंचीवर असले पाहिजे, असेही याच नियमांत आहे. म्हणजे दाबणाऱ्या माणसाची नजर दारावर राहते आणि लहान मुलाचा हात बटणाला पोचत नाही. दार बंद व्हायला निघाले आणि ३० सेकंदांत जमिनीला टेकले नाही, तर यंत्राने काहीतरी बिनसले आहे असे समजून परत फिरायचे. अडथळ्याची कसोटीही कडक झाली. जमिनीवरच्या अवघ्या १ इंच उंचीच्या वस्तूला लागूनही दार २ सेकंदांत उलटले पाहिजे. १९८२ चे मानक यंत्र चांगले चालेल असे धरून लिहिले होते. १९९३ चे मानक मात्र, यंत्र कधीतरी बिघडणारच हे गृहीत धरून लिहिले गेले. तोपर्यंत गेलेल्या मुलांची किंमत मोजून आलेले हे शहाणपण आहे.

डोळ्यालाही मर्यादा होत्या. तो फक्त ६ इंचांवरची एक रेघ पाहतो, त्यामुळे दाराच्या मधोमध उभ्या मोटारीची चाके रेघेच्या पुढे-मागे असली तर दार तिच्या टपावर उतरू शकते. वर जाणाऱ्या दाराला लोंबकळणारे मूल त्याला दिसत नाही. मावळतीचे ऊन थेट भिंगात शिरले की किरण टिपणारी डबी आंधळी होते आणि दार खाली यायला नकार देते. हा त्रास चुकवण्यासाठी काही लोक दोन्ही डब्या काढून समोरासमोर चिकटपट्टीने बांधून छताला लटकवत. मग किरण कधीच तुटत नाही आणि दार आज्ञाधारकपणे बंद होते. असे करणाऱ्याने १९९३ च्या आधीचे यंत्र पुन्हा घरात आणलेले असते.

ज्या वर्षी ही नियमावली अमलात यायची होती त्याच्या आदल्या उन्हाळ्यात दाराची एक वेगळीच दुबळी बाजू समोर आली. २४ ऑगस्ट १९९२ रोजी 'अँड्र्यू' हे चक्रीवादळ दक्षिण फ्लोरिडावर आदळले. नंतर घरांची पाहणी करणाऱ्या अभियंत्यांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. दोन मोटारींच्या गॅरेजचे रुंद, पातळ दार वाऱ्याने वाकले आणि रुळांतून निसटले की वारा घरात घुसे, आतून छताला वर ढकली आणि बाहेरून वाहणारा वारा तेच छत वर ओढी. मग छप्पर जाई आणि छपरामागोमाग भिंती. दार वजनाने जड असले तरी १६ फुटांच्या रुंदीत ते कागदासारखेच होते. त्यानंतर दक्षिण फ्लोरिडात बांधकामाचे नियम बदलले. आडव्या पोलादी पट्ट्यांनी मजबूत केलेली, जाड रुळांची आणि वाऱ्याच्या दाबावर तपासलेली दारे सक्तीची झाली.

चोरांचा प्रश्न या सगळ्याच्या समांतर चालू होता. सुरुवातीच्या रेडिओ-यंत्रांना फक्त ठरावीक कंपनांचा संदेश लागे, त्यामुळे एका घराच्या रिमोटने शेजाऱ्याचे दार उघडणे काही नवलाचे नव्हते. मग रिमोटमध्ये आणि यंत्रात छोट्या कळांची रांग आली. ८ कळा म्हणजे २५६ निरनिराळे संकेत. शेजाऱ्यापासून वाचायला हे पुरेसे होते, चोरापासून नाही, कारण तोच संकेत रोज हवेत जाई आणि तो टिपून परत सोडता येई. १९९० च्या दशकाच्या मध्यानंतर दर वेळी बदलणारा संकेत वापरणारी यंत्रे आली. एकदा वापरलेला संकेत दुसऱ्यांदा चालत नाही. जुनी, कायम संकेताची यंत्रे किती कच्ची आहेत हे सॅमी कामकर या सुरक्षा-संशोधकाने २०१५ मध्ये दाखवून दिले. बाजारातून गेलेल्या एका लहान मुलांच्या खेळण्यात थोडे फेरफार करून त्याने अशा यंत्राचे सारे संकेत काही सेकंदांत पाठवता येतात हे सिद्ध केले. गॅरेजमधून स्वयंपाकघरात जाणाऱ्या आतल्या दाराला बऱ्याच घरी कुलूपही नसते, म्हणून बाहेरचे दार उघडले की घरच उघडे पडते.

मोटरने चालणाऱ्या दारात लाल मुठीची एक दोरी लोंबत असते. ती ओढली की दार मोटरपासून सुटते आणि हाताने उचलता येते. वीज गेली तर बाहेर पडण्याची वाट तीच. ८ ऑक्टोबर २०१७ च्या रात्री उत्तर कॅलिफोर्नियातल्या सोनोमा परगण्यात वणवा पसरला तेव्हा वीज गेली होती. धुरात आणि अंधारात गॅरेजपर्यंत पोचलेल्या काही वृद्धांना ती दोरी ठाऊक नव्हती, काहींचा हात तिथवर पोचत नव्हता, काहींना दार उचलवले नाही. मोटारीत बसलेल्या अवस्थेत किंवा दाराशी काही जणांचा शेवट झाला. जे वजन आयुष्यभर स्प्रिंगेने आणि मोटरने उचलले होते ते त्या रात्री त्यांच्या हातांत आले. पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने कायदा केला आणि १ जुलै २०१९ पासून त्या राज्यात विकल्या व बसवल्या जाणाऱ्या प्रत्येक घरगुती यंत्रात वीज गेल्यावर चालणारी बॅटरी सक्तीची झाली. दाराखाली सापडणाऱ्या मुलासाठी जसे कायद्याने दार उलटवले, तसे दारामागे कोंडल्या जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसासाठी ते उघडते ठेवले.

गेल्या काही वर्षांत दार फोनवरून बंद करण्याची सोय आली आणि १९५४ चाच प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. आता बटण दाबणारा माणूस रस्त्यावर नसून दुसऱ्या गावात असू शकतो. मानक क्रमांक ३२५ ने त्यावर अट घातली की दार दिसत नसलेल्या जागेवरून बंद करायचे तर ते हलण्याआधी किमान ५ सेकंद दिवा लुकलुकला पाहिजे आणि आवाज झाला पाहिजे. दाराखालच्या माणसाला सरकायला तेवढा वेळ मिळतो. इशारा न कळणाऱ्या बाळाला किंवा पेंगणाऱ्या मांजराला त्याचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी चौकटीवरचे ते जुने डोळेच आहेत.

कायदे नव्या यंत्रांना लागू झाले. छताला आधीच टांगलेली यंत्रे तशीच राहिली, आणि मजबूत यंत्र पंचवीस-तीस वर्षे सहज चालते. म्हणून घरच्या माणसाने महिन्यातून एकदा करायची तपासणी अजूनही सांगितली जाते. दाराच्या मधोमध जमिनीवर दोन बाय चार इंची लाकडी फळी आडवी ठेवायची आणि दार खाली सोडायचे. फळीला लागून ते उलटले नाही तर यंत्र बंद ठेवायचे. मग दार खाली येत असताना लांब काठी किंवा झाडू किरणाच्या आड धरायचा, तेव्हा दार न शिवता परतले पाहिजे. तिसरी तपासणी स्प्रिंगेची. दार बंद असताना लाल दोरी ओढून ते मोटरपासून सोडवायचे, हाताने कमरेइतके वर न्यायचे आणि हात हळूच काढून घ्यायचा. स्प्रिंग नीट असेल तर दार तिथेच, अधांतरी थांबते. ते खाली सरकू लागले तर स्प्रिंग थकली आहे आणि कारागिराला बोलवायची वेळ झाली आहे.